सेनापतीच्या लेकीची खुर्ची

शुक्रवार, ५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. तू ‘बरी आहे’ असं लिहिलंयस, म्हणजे खोकला अजून आहे असं मी धरून चालते. इकडे सगळं ठीक. माझे गुडघे माझ्याआधी उठून कुरकुरायला लागतात. खालच्या शिवणवाल्या बाईंनी माझ्या जुन्या पडद्यांच्या उशा शिवून दिल्या, आणि त्यावर बसताना मला पडद्यावर बसल्याचं पाप लागतं.

तुमचा मठ मार्चअखेर बंद होणार, हे तू असं कळवलंयस, जणू दूधवाला बदलला. पंचावन्न वर्षं त्या भिंतींच्या आत काढलीस आणि लिहितेस काय, तर ‘छत गळतं, आम्ही पाचच जणी उरलो, जिथे पाठवतील तिथे जाईन, माझी काळजी नको.’ त्यावर मला बोलायचं आहे. पण आधी बुधवारची गंमत सांगते.

आमचं बुधवारचं मंडळ तुला माहीत आहे. औषधांच्या दुकानावरची वाचनखोली, दुपारी तीनची वेळ, आणि आम्ही पाच रिकामटेकडे. मास्तर म्हणजे धर्मग्रंथ छापणाऱ्या छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं हिब्रू मजकुराच्या चुका काढता काढता ती भाषाच त्यांच्या अंगात मुरली. शिवाय न्यायाधीशबाई, दातांचे डॉक्टर, ग्रंथपालबाई आणि मी.

आमची पद्धत अशी. जुन्या हिब्रू ग्रंथातली एखादी अवघड गोष्ट घ्यायची, शाळेत सिस्टर जी पानं उलटून टाळायच्या त्यातली. ती मोठ्यानं वाचायची. मग त्या गोष्टीत ज्याच्यावर सगळं गुदरतं पण ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याच्यासाठी खिडकीपाशी खुर्ची मांडायची. आमच्यातल्या एकानं तिथं बसायचं आणि बाकीच्यांच्या प्रश्नांना ‘मी’ म्हणून उत्तरं द्यायची. ठरवून नाही, तोंडाला येतील ती. शेवटी मास्तर विचारतात, “आता कोण?” आपण आपलं नाव सांगायचं, मगच उठायचं. हा नियम ते कुणालाही मोडू देत नाहीत. डॉक्टर म्हणतात, “बरोबरच आहे. माझ्याही खुर्चीतून चूळ भरल्याशिवाय कोणी उठत नाही.”

या बुधवारी त्या सेनापतीच्या लेकीची गोष्ट होती. सावत्र भावांनी घरातून हाकललेला माणूस, लढाई आली तेव्हा त्याच लोकांनी परत बोलावून सेनापती केलेला. तो देवाला नवस बोलतो की मी जिंकून आलो, तर माझ्या घराच्या दारातून जे पहिलं सामोरं येईल ते तुला अर्पण करीन. आणि डफ वाजवत, नाचत, सामोरी येते त्याची एकुलती एक लेक. तो कपडे फाडतो आणि तिलाच म्हणतो, मुली, तू मला कुठे नेऊन सोडलंस! ती म्हणते, शब्द दिलाय ना, मग पाळा. फक्त दोन महिने मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडून येऊ द्या. जाते, आणि दिलेल्या मुदतीत परत येते. तिचं काय झालं याबद्दल ग्रंथ एवढंच सांगतो की त्यानं नवस फेडला आणि तिनं कधी पुरुष जाणला नव्हता.

खूप वाद झाला. न्यायाधीशबाई म्हणाल्या, “असला शब्द बांधीलच नाही. दुसऱ्याचं आयुष्य तारण ठेवून नवस बोलायचा अधिकार त्याला दिला कुणी?” मास्तर म्हणाले, काही जुने टीकाकार सांगतात की त्यानं तिला मारलं नाही, जन्मभर अविवाहित, वेगळी ठेवली. ग्रंथपालबाईंनी सुस्कारा सोडला, “सुटली बिचारी.” मी पटकन बोलून गेले, “मारलं असतं तर एका दिवसात संपलं असतं. हे तर रोज.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “आज तुम्ही बसा.”

बसले. ऊन पाठीवर होतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, “दोन महिने डोंगरात मोकळी होतीस. पळाली का नाहीस?”

माझ्या तोंडून आलं, “मग धाकटीला काही झालं असतं तर?”

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “तिला धाकटी नव्हती. एकुलती एक होती ती.”

हसण्यासारखंच होतं, नाही? डॉक्टर हसलेसुद्धा, पण अर्ध्यावर थांबले. पुढे आणखी एकदोन प्रश्न झाले, मग ग्रंथपालबाईंना कसंसं व्हायला लागलं, कोणी पाणी आणलं, कोणी खिडकी उघडली, आणि त्या गडबडीत सगळे खाली उतरलो. घरी येऊन किल्ली लावताना लक्षात आलं की मला “आता कोण?” असं कुणी विचारलंच नाही.

तेव्हापासून डोळ्यांनी जरा त्रास दिलाय. गेल्याच वर्षी मोतीबिंदू काढलेले, सुई ओवता येते इतकं स्वच्छ दिसायचं. आता पाच हातांपलीकडे सगळं विरघळल्यासारखं दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळी यंत्रं लावून पाहिलं. म्हणाल्या, “आजी, डोळे ठणठणीत आहेत. दिसत कसं नाही तुम्हाला?” मी म्हटलं, तेच विचारायला पैसे भरलेत.

आणि काल शिवणवाल्या बाई म्हणाल्या, “बहीण आलीय वाटतं तुमची? जिन्यावर उभ्या होत्या. मी बसा म्हटलं, तर काही बोलल्या नाहीत.” मी म्हटलं, माझी बहीण मठात असते, तुम्ही सुईत बघा. त्यांना राग आला.

असो. मठातून निघणाऱ्या सिस्टरना नातेवाइकांकडे राहायची परवानगी मिळते का, हे सहज विचारते. माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. उजेड चांगला येतो.

तुझी,
बटण


मंगळवार, १६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र शनिवारी आलं. परवानगी मिळते, पण ५ मार्चपर्यंत मदरना सांगावं लागेल, हे कळलं. तू यायचं की नाही याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. त्याऐवजी लिहिलंयस, ‘तुझ्या मंडळाला म्हणावं, त्या मुलीला निजू द्या.’ आणि त्याच्याखाली, ‘धाकटीबद्दल ती पुढे काय म्हणाली, ते तू लिहिलं नाहीस.’

तीन दिवस ते पत्र डब्याखाली दाबून ठेवलं होतं. जणू उडून जाईल. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडून दिले, आणि एवढं एक बोलणं मला जोडता येत नाही.

आधी इथलं सांगते. डोळे तसेच. मी वस्तू नाकाला लावून पाहते, जशी तू चष्मा फुटल्यावर पाहायचीस. परवा पावाचं पाकीट तसं वाचताना आरशात दिसले आणि मला वाटलं, तूच. हसू नकोस. या इमारतीला लिफ्ट आहे, तरी मी आता जिन्यानं उतरते आणि मध्येच एका पायरीवर थांबते. का थांबले ते कळत नाही. हात कठड्यावर असतो, खाली दार उघडं असतं, आणि दाराच्या उजेडात दोन आकृत्या दिसतात. एक उंच, एक ठेंगणी. मी थांबते तोवर त्या हलत नाहीत. मी पाऊल उचललं की दार बंद असतं.

पहिल्यांदा घाबरले. आता घाबरत नाही, आणि त्याचीच भीती वाटते.

तर त्या दिवशी पुढे काय झालं ते ऐक. मास्तर म्हणाले, तिला धाकटी नव्हती. मला ‘चुकलं’ म्हणायचं होतं. पण न्यायाधीशबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि अगदी हळू विचारलं, “तुला थांबवायला कोणीच आलं नाही?”

मी म्हणाले, “आलं होतं. दारातून परत पाठवलं.”

“कुणी?”

“धाकटीनं. मी जिन्यावर होते. चष्मा नव्हता, त्यामुळे तोंडं दिसली नाहीत. ऐकू मात्र सगळं आलं.”

ताई, आवाज माझाच होता. पण त्यातलं अर्धं मला माहीत होतं आणि अर्धं मला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मला माहीत असलेलं अर्धं आता लिहिते. तुला ठाऊक असलेलंही लिहिते, कारण आपण दोघी त्यावर कधी बोललोच नाही. वर्षातून एकदा मठाच्या भेटीच्या खोलीत जाळीच्या दोन बाजूंना बसून वीस मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

मी नऊ वर्षांची होते. घसा धरला होता, श्वास आत जात नव्हता, आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात बाबांनी शब्द दिला की ही वाचली तर थोरलीला देवाच्या घरी देईन. मी वाचले. तू एकोणीस वर्षांची. तुला सांगितलं तेव्हा तू फक्त म्हणालीस, “बाबा, दिलाय ना शब्द, मग झालं.” घरात पुढे सगळे हेच म्हणत आले, ताई स्वखुशीनं गेली. आई प्रत्येक पाहुण्याला सांगायची. कुणी न विचारता सांगायची.

जायच्या आधीच्या आठवड्यात तुझा चष्मा फुटला होता आणि दुरुस्तीला दिला होता. रविवारी दुपारी आईबाबा झोपले होते. कडी वाजली. मी दार उघडलं. चष्मेवाला. तोच, दुकानात तुझ्या नाकावर चष्मा बसवताना ज्याचे हात थरथरायचे आणि तू आरशातून माझ्याकडे पाहून डोळे मोठे करायचीस. स्वच्छ सदरा घालून आला होता. त्यानं विचारलं, “ताई आहे का?”

तुझी ताई, असंसुद्धा म्हणाला नाही. नुसतं, ताई आहे का.

मी नऊ वर्षांची असले तरी मूर्ख नव्हते. नुसता चष्मा द्यायला कोणी रविवारी दुपारी केस चापून येत नाही. आणि आदल्याच रात्री मी ऐकलं होतं. आई रडत म्हणत होती, “अजून विचार करा.” बाबा म्हणाले, “शब्द मागे घेतला आणि ही पोर गेली तर?” ही पोर म्हणजे मी. मला समजलं ते इतकंच की तू राहिलीस तर मी मरणार.

मी त्याला म्हणाले, “ताई गेली. कालच गेली.”

त्यानं चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं. म्हणाला, “मग पोचवशील?” मी मान हलवली. तो फाटकापाशी एकदा थांबला होता. मी दार लावून घेतलं. ते चष्म्याचं घर मी मागच्या गल्लीतल्या उघड्या गटारात टाकलं. ते लगेच बुडालं नाही. मी काठीनं ढोसलं.

तू दोरा बांधलेला फुटका चष्मा लावून मठात गेलीस. निघताना माझं तोंड दिसत नव्हतं म्हणून हातानं चाचपलंस आणि म्हणालीस, “बटणा, नीट जेव.”

मला जगायचं होतं, ताई. एवढंच कारण. ते नऊ वर्षांच्या मुलीचं होतं असं म्हणून मी पुष्कळदा स्वतःला सोडून दिलं आहे. पण मी वीस वर्षांची झाले, तीसची झाले, तुझ्यासमोर जाळीपलीकडे बसले, आणि तरी गप्प राहिले. ते नऊ वर्षांच्या मुलीनं केलेलं नाही.

मास्तर एक सांगतात. नवस सोडवायचा मार्ग तेव्हाही होता. सेनापतीनं धर्मगुरूकडे जायचं, एवढंच. पण जुने लोक म्हणतात की सेनापतीला वाटलं, मी का जाऊ, आणि धर्मगुरूला वाटलं, त्यानं यावं. दोघं आपापल्या घरी बसून राहिले आणि मध्ये पोर गेली. हे ऐकताना मला इतरांसारखा राग आला नाही. घरी बसून राहणं किती सोपं असतं, ते मला माहीत आहे.

आता तुला एकच विचारायचं आहे. मला माहीत नसलेलं अर्धं. तू वरच्या खोलीत झोपली होतीस, असंच मी आजवर धरून चालले. तू जिन्यावर होतीस का?

खोटं लिहू नकोस. दया म्हणूनही नको.

तुझी,
बटण


शुक्रवार, २६ फेब्रुवारी

ताई,

आधी परवाचं सांगते, कारण तुझ्या पत्राबद्दल लिहायला हात अजून तयार नाही.

बुधवारी मी मंडळात गेले. मी न सांगताच ग्रंथपालबाईंनी खुर्ची खिडकीपाशी ठेवलेली होती. त्या म्हणाल्या, “तीन आठवडे तिथनं हलवता येत नाहीये. जड झालीय.” डॉक्टर म्हणाले, “लाकूड फुगलं असेल.” पण खुर्ची हलवायला पुढे आले नाहीत. मी बसले. समोर चार धूसर डाग. मास्तर विचारणार, इतक्यात मी म्हटलं, “थांबा. आधी मला तिच्याबद्दल एक कळू द्या. ती ‘शब्द पाळा’ म्हणाली, म्हणजे ती राजी होती, असं समजायचं का?”

न्यायाधीशबाई म्हणाल्या, “माझ्यासमोर कितीतरी जणींनी राजीखुशीनं अंगठे उमटवलेत. मी नेहमी मागे कोण उभं आहे ते बघायचे.”

मास्तर म्हणाले, “चाळीस वर्षं ते पान तपासलं. देवानं तो नवस मागितला असं त्यात कुठे नाही. स्वीकारला असंही नाही. आकाशातून हाक नाही, थांब म्हणणारं कोणी नाही. मला आधी वाटायचं, मजकूर गळलाय. आता वाटतं, ती जागा माणसांसाठी सोडलेली आहे. कोणीतरी थांब म्हणायचं होतं. कोणी म्हटलं नाही. म्हणून, ग्रंथ शेवटी म्हणतो, तिथल्या मुली दर वर्षी चार दिवस जाऊन तिच्यासाठी रडायच्या. उशिरा का होईना, पण गेल्या.”

मग त्यांनी विचारलं, “आता कोण?”

मी म्हटलं, “बटण.” चौसष्ट वर्षांची बाई, आणि निवृत्त न्यायाधीशांसमोर म्हणते बटण! पण कोणी हसलं नाही. आणि ताई, मास्तरांच्या कॉलरवरचा शाईचा डाग मला दिसला. खिडकीबाहेरच्या तारेवरचा पक्षी दिसला. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं दिसली. सगळं लख्ख.

घरी पोचले तर शिवणवाल्या बाई दारातच होत्या. अजून थोड्या फुगलेल्या. म्हणाल्या, “गेल्या हो तुमच्या बहीणबाई. आत्ताच, साडेचारच्या सुमाराला. शेवटच्या पायऱ्या उतरून सरळ दाराबाहेर गेल्या. इतके दिवस मधेच उभ्या असायच्या.” मी विचारलं, काही बोलल्या का. “नाही. हसल्या मात्र. तुमच्यासारखंच हसतात.”

मी या वेळी त्यांना सुईत बघा म्हटलं नाही.

आज तुझं पत्र आलं. वर तारीख बुधवारचीच. आणि वेळ लिहायची तुझी मठातली सवय, साडेचार. आत तीनच ओळी. ‘जिना तेरा पायऱ्यांचा होता. मी सातवीवर होते. उतरले असते, पण कडीवरचा तुझा हात थरथरत होता, तो मला चष्म्याशिवायही दिसला.’

मी दिवसभर ते पत्र घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे.

म्हणजे तू सहा पायऱ्या उतरली नाहीस. दर वर्षी जाळीपलीकडून मला विचारत राहिलीस, “जेवतेस ना नीट?” आणि मी, तुला काही माहीत नाही असं समजून, “हो” म्हणत राहिले. तू मला माफ केलंस असं या तीन ओळींतून निघतं, हे मला कळतं. पण ताई, ते घेऊन मी गप्प बसले तर तू स्वखुशीनं गेलीस, हीच घरची जुनी गोष्ट मी पुन्हा सांगितल्यासारखं होईल. तू उतरली नाहीस, ते तुझं. तुला उतरावंसं वाटत असताना दार मी लावलं, ते माझं. ते माझ्याकडेच राहू दे. इतक्या वर्षांत मी तुझ्याकडून घेतलेली एकच गोष्ट, त्या दुपारची तुझी निवड, परत करायला उरली आहे, आणि तीही मला परत करता येत नाही.

चष्मेवाल्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही. करायला घाबरले. तुला हवं असेल तर करीन.

सोमवारी, १ तारखेला, मी सकाळच्या गाडीनं तिकडे येते. मागची खोली झाडून ठेवली आहे, पण ते मनावर घेऊ नकोस. खोली तुझ्यासाठी आहे, तू खोलीसाठी नाहीस. दुसऱ्या मठात जायचं असेल तर तुझी पेटी मी तिथवर पोचवीन आणि परत येईन. कुणाला वाईट वाटेल, कुणाला काय होईल, याचा विचार यात आणायचा नाही. मी मरणार असेन तर माझी मी मरेन.

फाटकाच्या आत मी येणार नाही. मदरना भेटणार नाही. दारावरच्या सिस्टर येतील, तेव्हा त्यांना एवढंच विचारीन, “ताई आहे का?” त्यांना आधीच सांगून ठेव की याचं उत्तर त्यांनी द्यायचं नाही. तू स्वतः दारापर्यंत ये, आणि आहेस की गेलीस, ते तुझ्या तोंडानं सांग. ‘गेले’ असं म्हणालीस तरी चालेल.

संध्याकाळच्या शेवटच्या गाडीपर्यंत मी तिथे उभी आहे.

तू जगवलेली,
बटण